रंगखडू आहेत, तास कुठे आहे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगतं, कला आणि अभ्यास वेगळे ठेवू नका. गणित चित्रातून शिकवा, भाषा नाटकातून. कोण नाही म्हणेल?

आता वेळापत्रक उघडा. चित्रकलेचा तास दिवसातला शेवटचा. गणिताचा पोर्शन मागे पडला की पहिला बळी त्याचाच.

शिक्षण हक्क कायदा २००९चा. त्यात कलाशिक्षक आहे. पण अंशकालीन, सहावी ते आठवीसाठी, आणि तोही पट शंभरावर असेल तर.

पहिली ते पाचवीला?

कुणीच नाही. मूल हाताला लागेल त्या भिंतीवर रेघोट्या ओढतं, गाणं ऐकलं की नाचतं, ते नेमकं हेच वय.

‘वर्गशिक्षक घेतील की!’ घेतीलही. पण द्विशिक्षकी शाळेत दोघं मिळून चार इयत्ता सांभाळतात, वर निवडणुकीची कामं आणि रोज भरायची ऑनलाइन माहिती. त्यांच्या हाती एक पीडीएफ ठेवली की झालं का प्रशिक्षण?

सीबीएसई शाळांत तर कला-समेकित प्रकल्पच आहे. त्यासाठी राज्यांच्या जोड्या लावल्या आहेत; महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी, म्हणून घरोघरी तिथली पट्टचित्रं. रात्री अकराला आई कार्डबोर्ड कापते, बाबा प्रिंटआउट चिकटवतात. मूल झोपलेलं.

मार्क मात्र त्याला.

आणि बेरजेच्या गणिताभोवती फुलं रंगवली म्हणजे कला अभ्यासात आली असं नाही. ती नुसती सजावट. तीनताल घ्या. सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. आठवडाभर वर्गाने हाताने ताल धरला, की सोळाचा पाव किती हे तिसरीतलं पोर टाळी देऊन सांगेल. चुकलं तर चूक त्याची त्यालाच ऐकू येईल, लाल शाई लागणार नाही. इथे कलेशिवाय गणित पुढे सरकत नाही आणि गणिताशिवाय कला. यालाच समेकित म्हणायचं.

खर्च किती? दोन तळहात.

डहाणू-तलासरीकडे चला. वारली चित्रातला माणूस म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण. ही चित्रकला जगापुढे नेणाऱ्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. अशी भूमिती घराच्या भिंतीवर पाहत वाढलेल्या मुलाला शाळेत काय काढायला सांगतात? दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी. गाईडमधला देखावा.

त्याच पट्ट्यात, बोर्डी-कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पानं, बिया, शंखशिंपले आणि गाणी हाताशी घेऊन बालशिक्षण उभं केलं. माँटेसरीची महागडी साधनं नाहीत म्हणून त्या अडून बसल्या नाहीत. बोर्डीतलं काम सुरू झालं १९४५ साली. आज निधी नाही ही सबब कुणाला सांगता?

हवं ते फार नाही. डी.एल.एड.च्या अभ्यासक्रमात हाताने करून शिकण्याचे भरपूर तास, शाळांच्या केंद्रागणिक एक पूर्णवेळ कलाशिक्षक आणि कुणालाही उचलता न येणारा तास. गावचा ढोलकीवाला, भजनी मंडळातली पेटीवाली, कुंभार यांना मानधन देऊन वर्गात बोलवा. ओळखपत्र मागू नका, फार तर चहा विचारा.

आणि पालकहो, पुढच्या सभेत गणिताचे मार्क नंतर विचारा. आधी विचारा, गेल्या आठवड्यात चित्रकलेचा तास झाला का? नसेल, तर त्या तासाला काय शिकवलं?