पाटीवरच्या टोपीवाल्या मेक्सिकन गृहस्थांस

सा. न. वि. वि.

भिवंडीत आपले स्वागत असो. आपले नाव ठाऊक नाही, पण ओळख जुनी आहे: हातभर काठाची टोपी, जाड मिशा, खांद्यावर पट्ट्यापट्ट्यांची शाल आणि शेजारी हिरवेगार निवडुंग. मुंबई-ठाण्यात जिथे जिथे मेक्सिकन रेस्टॉरंट उघडते तिथे पाटीवर आपण हजर असता. ती लाट यंत्रमागांच्या गावात शिरल्यावर आपल्याला इथेही उभे केले जाणार, हे ओघानेच आले. पत्र मालकांना न लिहिता आपल्याला लिहितो आहे, कारण त्या सगळ्या थाटामाटात मेक्सिकोचे म्हणावे असे आपण एकटेच दिसता. मेनूकार्डात आपल्या गावाकडचे फारसे कोणी नाही, आणि भिवंडीकरांना खऱ्या मेक्सिकन जेवणापासून इतक्या दक्षतेने वाचवल्याबद्दल संबंधितांचे जाहीर आभार मानणे आमचे कर्तव्य आहे.

आधी नाचोज घेऊ, कारण यादीत ते सर्वांत वर असतात. पिएद्रास नेग्रास या सरहद्दीवरच्या गावात १९४०च्या सुमारास इग्नासिओ अनाया या गृहस्थांनी, पूल ओलांडून आलेल्या अमेरिकन बायकांसाठी, स्वयंपाकी जागेवर नसताना, मक्याचे तळलेले तुकडे, चीज आणि मिरचीचे काप एकत्र करून वेळ मारून नेली. त्यावर ओततात ते पातळ पिवळे चीज तर १९७०च्या दशकात टेक्सासच्या क्रीडांगणावरून आले. कडक कवचाचा टाको जगभर फिरवला तो अमेरिकन साखळी दुकानांनी. त्यांतल्या टाको बेलने १९९२ आणि २००७ मध्ये असा दोनदा मेक्सिकोत संसार थाटून पाहिला आणि दोन्ही वेळा गाशा गुंडाळला. २०१०मध्ये तीच साखळी बंगळुरूत आली आणि भारतात मात्र छान रुजली. म्हणजे आपल्या देशाने दोनदा परत पाठवलेले ताट आम्ही आपल्याच मिशांखाली बसून चवीने जेवतो. २०१०मध्येच युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला मानवी वारशाच्या यादीत घेतले. तो मान स्वीट कॉर्न आणि पनीर भरलेल्या मैद्याच्या गुंडाळीसाठी नव्हता, एवढे आपण मालकांना खाजगीत सांगू शकाल.

आता भिवंडीकरांना खऱ्या मेक्सिकन जेवणापासून वाचवणे किती अवघड होते ते पाहा. १८५७नंतर उत्तरेकडचे मोमीन विणकर इथे येऊन वसले, आणि गावाला पहाटेच्या निहारीची सवय आहे. रात्रभर मंद आचेवर नळी शिजते, वर लाल तर्री चढते, मग आल्याचे बारीक काप, कोथिंबीर आणि लिंबू. आपल्या हालिस्को प्रांतातला बिरिया काय आहे? सुक्या मिरच्या भाजून, वाटून, त्यात मुरवलेले बकऱ्याचे मटण मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचे. रस्सा वाटीत वेगळा, वर चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबू. तोही अनेक जण सकाळीच खातात. मेनुदो म्हणजे वजरीचा तिखट रस्सा. पोसोले म्हणजे मक्याचे फुललेले दाणे आणि मांस एकत्र शिजवलेले, खिचड्याशी शेजारधर्म सांगणारे. तालुक्यातल्या आगरी घरांत वाटणाचे मटण आणि हातावर थापलेली तांदळाची भाकरी असते. आपल्याकडची मक्याची टॉर्टियाही पूर्वापार हातावरच थापली जाई. जे गाव हे सगळे न शिकवता ओळखेल, त्याच गावाला नेमके हेच सोडून बाकी सर्व वाढायचे, याला कौशल्य लागते. दुसऱ्या एखाद्या शहरात हे चुकून घडले म्हणता आले असते.

यावर मालकांची बाजू मांडणारे म्हणतील, पदार्थ जाईल तिथे बदलणारच. मंचुरियन कुठे चीनमध्ये मिळते? मुद्दा बिनतोड वाटतो, पण तो आमच्याच बाजूचा आहे. चिकन मंचुरियन १९७५च्या सुमारास मुंबईत जन्मले ते समोरच्या गिऱ्हाइकाची जीभ पाहून: आले, लसूण, हिरवी मिरची घेतली आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला. आपल्या पुएब्ला शहरातही हेच झाले. पश्चिम आशियातून आलेल्या स्थलांतरितांनी शावर्मा आणला. पुढे मेक्सिकोने कोकराच्या जागी डुक्कर घेतले, मिरचीचे वाटण लावले, टॉर्टियात गुंडाळले, आणि टाको अल पास्तोर तयार झाला. बदल झाला तो जिथे विकायचे त्या चुलीपाशी. या मेनूतला बदल मात्र टेक्सासमध्ये झाला, मॉलमध्ये पक्का झाला आणि भिवंडीत नुसता गरम केला जातो. (त्यातल्या डबाबंद हालापेन्यो मिरच्या इथल्याच एखाद्या गोदामातून मुंबईला जाऊन परत येत असतील, तर तो प्रवास मात्र अस्सल भिवंडीचा.) शावर्माची सळई या गावाला नवी नाही. तिच्यावर कोंबडीला भाजक्या मिरचीचे वाटण लावून अननसाची एक फोड ठेवायला कोणाचा हात अडला आहे?

दुसरा आक्षेप शाकाहाराचा, आणि तो रास्त आहे. निम्मे टेबल मांस खाणार नसेल तर बकरा दाखवून धंदा होत नाही. पण स्पॅनिश लोक येण्याआधीपासून आपल्या ताटाचा कणा मका, घेवडा आणि भोपळा हाच. भोपळ्याची फुले आम्ही भज्यांत घालतो, आपण मक्याच्या घडीत भाजता. आणि पाटीवर आपल्या शेजारी जे निवडुंग रंगवले आहे, त्याच्या भाऊबंदांची काटे काढलेली पाने मेक्सिकोत घरोघरी भाजी म्हणून खातात. शाकाहारी पदार्थाची कल्पना बाहेर भिंतीवर लटकते आहे आणि आत पनीर चिरणे चालू आहे. साहित्य मिळत नाही, ही तक्रारही टिकत नाही. मका इथे पिकतो. तो चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, वाटून घ्यायचा असतो. त्यानेच पीठ थापता येते आणि मक्यातले नायसिन अंगी लागते. युरोपने मका उचलला, चुना विसरला, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा या नायसिनअभावी होणाऱ्या रोगाने गाठले. खायचा चुना भिवंडीत मिळत नाही असे म्हणणाऱ्याने एकदा पानाच्या टपरीपर्यंत चालत जावे. मिरचीचे तर विचारूच नका. पोर्तुगीज जहाजांतून आपलीच मिरची या किनाऱ्यावर उतरली आणि आमच्या मसाल्यात इतकी मुरली की तिला परकी म्हटले तर भांडण होईल. घोलवड-डहाणूचा चिकू २०१६मध्ये भौगोलिक मानांकन घेऊन बसला आहे, त्याचेही मूळ घर आपल्याकडचेच.

राहिली गिऱ्हाइकाची आवड. चीजच खपते, हे खरे. पण ज्या दुकानात चीजच मिळते तिथे दुसरे काही खपल्याचा पुरावा मिळणार कुठून? तेव्हा आपण वजन खर्चून मालकांच्या कानावर एवढे घालावे: आठवड्यातून एक सकाळ शटर लवकर उघडा, बकऱ्याचा बिरिया आणि थापलेल्या मक्याच्या टॉर्टिया ठेवा, निवडुंग नाही तर भोपळ्याची फुले ठेवा, आणि चीज मागेल त्यालाच द्या. पहिल्या सकाळी कोणी फिरकले नाही, तर निहारीच्या दुकानासमोरच्या रांगेत जाऊन वाटीभर रस्सा फुकट वाटा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मिरचीखाऊ भिवंडीकर