जगात जर्मनी, यादीत परभणी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण कुणी काढली यावर आमच्याकडं एकमत नाही. ती खरी आहे यावर आहे. पुरावा तेवढा नव्हता. तो आता जिंतूर रोडवरच्या एका बोअर-मोटारीच्या दुकानात काउंटरच्या काचेखाली, विठ्ठलाच्या फोटोला खेटून ठेवलाय. जर्मनीतल्या कुठल्याशा वेब डिरेक्टरीत दुकानाची नोंद झाली, तिचा हा रंगीत प्रिंटआउट. वर्ग : बागकाम व कारंजी.

दुकानाच्या शेठनी ५०० डिरेक्टऱ्यांचं पॅकेज घेतलं होतं. विकणारा पोरगा पुण्याहून एसईओचा कोर्स करून आलेला, गळ्यात हेडफोन, बोलायला गोड.

“काका, जितक्या जागी आपल्या वेबसाइटची लिंक, तितकं गूगल आपल्याला मानतंय.”

“गूगलनं मानून काय करायचं बाबा? झरीच्या शेतकऱ्यानं मानाय पाहिजे.”

“तो बी गूगलच बघायलाय काका.”

यावर शेठ गप्प झाले आणि गल्ल्याचा ड्रॉवर उघडला.

महिन्याभरानं एक्सेलचा रिपोर्ट आला. ५०० ओळी, प्रत्येकीपुढं हिरव्या चौकोनात ‘लाइव्ह’. शेठना हिरवं बघून बरं वाटलं. मोटारीच्या पॅनेलवर हिरवा दिवा लागला म्हणजे पाणी येणार, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. मी मात्र ओळी वाचल्या. दुकानाचं नाव वडिलांच्या नावावरून ठेवलेलं. ते कुठंच नव्हतं. त्या जागी ‘बेस्ट सबमर्सिबल पंप डीलर इन परभणी’. पत्त्यात ‘पेट्रोल पंपासमोर, रसवंतीच्या मागं’ हे फॉर्मच्या चौकटीत मावलं नाही, म्हणून ‘रसवंतीच्या’ इथंच पत्ता संपला. पुष्कळ ठिकाणी शहरांच्या यादीत परभणीच नव्हती. तिथं पोरानं हाताला लागलं ते निवडलं : प्रभादेवी. सिद्धिविनायकाच्या दारात आता आमच्या शेठची बोअर-मोटार मिळते. एका यादीनं तर हिंगोली पुन्हा परभणी जिल्ह्यात घालून टाकलीय. १ मे १९९९ ला तो जिल्हा वेगळा झाला, पण या याद्या एकमेकींवरूनच उतरवलेल्या. मूळ कागद कोणत्या सालचा, कुणी विचारत नाही.

हा धंदा मुळात असा नव्हता, हेही सांगायला हवं. १९९४ साली स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन पोरांनी इंटरनेटवरच्या साइटींची यादी केली. तिचंच पुढं याहू झालं. त्या यादीवर माणूस बसलेला असे. तो साइट उघडून बघायचा, वर्ग ठरवायचा, पटली नाही तर परत पाठवायचा. धंदेवाल्या साइटींकडून याहू पुढं वर्षाला २९९ डॉलर घ्यायचं, तेही नुसते बघण्याचे. नोंदीची हमी नाही. १९९८ ला डीमॉझ निघाली. तिथं सगळं फुकट, पण संपादक स्वयंसेवक, त्यामुळं अर्ज टाकून लोक महिनोन् महिने ताटकळत. आमच्या ५०० डिरेक्टऱ्यांत असा ताटकळण्याचा त्रास अजिबात नाही. बटण दाबलं की मंजूर. शेठच्या आधीची नोंद रशियातल्या ऑनलाइन जुगाराची आणि नंतरची केस उगवण्याच्या तेलाची आहे.

त्याच १९९८ मध्ये गूगल काढणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पानांचं वजन ठरवायची पेजरँक ही रीत मांडली. एका पानानं दुसऱ्याची लिंक दिली म्हणजे शिफारस केली. पण प्रत्येक शिफारशीचं वजन सारखं नाही, देणारा कोण त्यावर ते ठरणार. हे समजायला परभणी जिल्ह्यातल्या माणसाला अमेरिकेत जायची गरज नाही. पाथरी हे साईबाबांचं जन्मस्थान, असं पाथरीकर वर्षानुवर्षं म्हणत होते. शिर्डीनं कधी शटर खाली ओढलं नाही. जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी तेच वाक्य बोलून पाथरीसाठी १०० कोटी जाहीर केले आणि १९ जानेवारीला शिर्डी बंद! एकच लिंक, पण कुणाची होती बघा.

आता आपल्याकडं वाढदिवसाचा फ्लेक्स कसा असतो? मधोमध गॉगल लावलेले भाऊ, वर दोन-तीन नेते, आणि खाली शुभेच्छुकांच्या चार रांगा. पुढच्या महिन्यात त्यातला एक शुभेच्छुक मधोमध येतो आणि भाऊ खालच्या रांगेत जातात. चौकात सगळे एकमेकांचे शुभेच्छुक. मत मोजायच्या दिवशी यातले निम्मे दुसऱ्या वॉर्डाचे निघतात. शेठनी विकत घेतलं ते हेच : ५०० अनोळखी शुभेच्छुकांचा फ्लेक्स.

गूगलला हे कळायला फार वेळ लागला नाही. २४ एप्रिल २०१२ ला पेंग्विन नावाचा बदल आला आणि असल्या लिंकांवर उड्या मारणाऱ्या साइटी धडाधड खाली आल्या. मग काय, ज्यांनी नाव घालायचे पैसे घेतले त्यातल्या काहींनी नाव काढायचेही घ्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात गूगलनं एक सोय दिली : या लिंका माझ्या नाहीत, असं लिहून द्यायचं. थोडक्यात, शुभेच्छुकांना आपण ओळखत नाही असं प्रतिज्ञापत्र. २०१६ पासून तर बहुतेक वेळा तेही लागत नाही. गूगल अशा लिंका शिक्षा न करता नुसत्या मोजायच्या सोडून देतं. शिक्षेत निदान दखल तरी असते! याहूची डिरेक्टरी २०१४ अखेर बंद पडली, डीमॉझ मार्च २०१७ मध्ये. नाही म्हणणारे गेले, होयबा राहिले.

झरीचा शेतकरी मोबाइलवर ‘मोटार दुरुस्ती’ असं बोलतो आणि नकाशात जवळचं जे उघडं दिसेल तिकडं गाडी वळवतो. तिथं नाव, फोन, वेळ, पिन नीट घालायला एक रुपया लागत नाही, म्हणून ते पॅकेजात नव्हतं. शेठची पिन अजून रेल्वे रुळांपलीकडच्या नाल्यात आहे. वेळेपुढं ‘बंद’.

मी हे सगळं शेठना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा सांगितला.

“म्हणजे पैसे कुणाला मिळाले? यादीत बसणाऱ्याला का यादी काढणाऱ्याला?”

“काढणाऱ्याला.”

शेठनी त्याच पोराला बोलावून स्वतःची डिरेक्टरी काढली. दर ठरले : साधी नोंद, ठळक नोंद, फोटोसह नोंद. पंपाच्या वर्गात पहिला क्रमांक कुणाचा हे सांगायला नको. वसमत रोडच्या प्रतिस्पर्ध्याला ‘इतर’मध्ये टाकलंय. सेलू, मानवत, गंगाखेडहून फोन यायलेत म्हणे. परवा मला म्हणाले, “तुमच्या पेपराचं वजन आहे. सदरात आपली लिंक टाका की.” छापील पेपरात लिंक चालत नाही, असं सांगून पाहिलं.

“मग क्यूआर छापा,” शेठ म्हणाले. “तुमची नोंद फोटोसह, फुकट.”