आंतरराष्ट्रीय रग्बीपटू व्हावे कसे : हिंगोली जिल्ह्यापुरते मार्गदर्शन

रग्बी युनियन हा पंधरा-पंधरा जणांच्या दोन संघांत ८० मिनिटे चालणारा खेळ आहे. चेंडू लांबट असल्याने टप्पा कुठे घेईल याचा भरवसा नसतो. तो समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ५ गुण मिळतात आणि पाठोपाठ खांबांमधून मारला की आणखी २. १९९५ च्या ऑगस्टपर्यंत हा खेळ अधिकृतपणे हौशी होता. त्यानंतर खेळाडूने पैसे घेणे पाप राहिले नाही. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १९९९ मध्ये, त्यामुळे व्यावसायिक रग्बी जिल्ह्यापेक्षा चारच वर्षांनी थोरली. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांतील होतकरूंनी पुढील नियम क्रमाने पाळावेत.

१. मामा. प्रत्येक होतकरूला एक मामा असतो. त्याला शासकीय नोकरीतले खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण तोंडपाठ असते आणि तो एकच प्रश्न विचारतो, "त्याच्यात भेटतं काय?" या प्रश्नाला खरे उत्तर एकदम देऊ नये. "कबड्डीसारखंच असतं मामा, फक्त चेंडू असतो," असे सांगावे. यावर मामा "मग कबड्डीच खेळ की," म्हणतो. याचे उत्तर रग्बीच्या जागतिक संघटनेकडेही नाही. गप्प बसून चहा प्यावा.

२. देह. क्रीडाशिक्षक शाळेतल्या जाड मुलाला चपला सांभाळायला बसवतात, काडीसारख्या मुलाला गुण लिहायला. रग्बीत दोघांनाही जागा आहे. १ आणि ३ क्रमांकाचे प्रॉप म्हणजे स्क्रमचा, अर्थात दोन्ही संघांनी वाकून खांद्याला खांदा भिडवून केलेल्या रेटारेटीचा, पाया. आंतरराष्ट्रीय सामन्यांत ते शंभर किलोंच्या बरेच वर असतात. ४ आणि ५ क्रमांकाला उंची लागते. ९ क्रमांकाचा स्क्रम-हाफ बहुधा लहानखुरा आणि तोंडाळ असतो. मोठ्यांच्या पायांतून चेंडू काढायचा आणि त्यांनाच ओरडायचे, हे त्याचे काम. ११ आणि १४ क्रमांकाला फक्त पळता यावे. चपलांजवळ बसलेल्या त्या पोराला हे कुणी सांगत नाही, याची चीड येते. प्रॉप कमी पडतात, प्रॉप! आणि पोरगे तिकडे उन्हात चपला मोजत असते.

३. पकड. कबड्डी आणि कुस्तीवर वाढलेल्या मुलाला पट काढणे शिकवावे लागत नाही. तीन गोष्टी मात्र नव्याने शिकाव्यात. पकड खांद्याच्या रेषेखाली हवी. दोन्ही हात गुंडाळायचेच, नुसता खांदा मारायचा नाही. स्वतःचे डोके पळणाऱ्याच्या पुढे न ठेवता बाजूला, त्याच्या मागच्या अंगाला ठेवायचे; यात हयगय केली तर पुढचे नियम वाचायची गरज उरत नाही. सर्वांत अवघड भाग याच्या पुढचा आहे. समोरचा खाली पडला की त्याला लगेच सोडायचे. कबड्डीत घोटा सुटला तर गाव आठ दिवस बोलते. इथे घोटा धरून ठेवला तर पंच शिट्टी मारतो. जिल्ह्यातले चांगले चांगले कोपरारक्षक या एका नियमावर हताश होतात.

४. पास. हाताने चेंडू पुढे देता येत नाही. पुढे न्यायचा असेल तर घेऊन पळावे किंवा लाथ मारावी.

५. मैदान. काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि जुलैत बुटासकट पाय मागते. सराव हिवाळ्यात करावा. हिंगोलीच्या दसरा महोत्सवात रामलीला मैदानावर आकाशपाळणे उभे राहतात. तेव्हा तिथे स्क्रम लावू नये.

६. प्रवास. राज्यातली रग्बी मुख्यतः मुंबई-पुण्याची. १८७५ मध्ये स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना हे तिचे जुने घर. मुंबईची जनशताब्दी २०२४ पासून हिंगोलीपर्यंत येते, त्यामुळे "जायचं कसं?" हे कारण आता चालत नाही.

७. देश. ज्या देशाकडून खेळायचे त्या देशात खेळाडू जन्मलेला असावा, किंवा त्याचे आईवडील वा आजी-आजोबांपैकी कुणी तिथे जन्मलेले असावे, किंवा तो सलग ६० महिने फक्त तिथल्याच रग्बी संघटनेकडे नोंदलेला असावा. महाराष्ट्राच्या अधिवास प्रमाणपत्राला १५ वर्षांचे वास्तव्य लागते. न्यूझीलंडच्या संघाला ५ वर्षांची नोंदणी पुरते. बाकी अडचण फक्त कौशल्याची.

८. उत्पन्न. भारतात व्यावसायिक रग्बीपटू होण्याची पहिली अट म्हणजे दुसरा व्यवसाय असणे. १९९८ मध्ये भारताकडून खेळू लागलेले राहुल बोस अभिनेते आहेत. भारतीय महिला संघाची कर्णधार राहिलेली पुण्याची वाहबिज भरूचा फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे निदान दुखापत घरातल्या घरात निस्तरते. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली, फ्रँचायझी आल्या, पैसा आला. पण ती सात जणांची रग्बी. पंधरा जणांच्या खेळावर घर चालवायचे तर इंग्लंड, फ्रान्स किंवा जपान गाठावे.

तरीही जून २०१९ मध्ये भारतीय महिलांनी मनिलात सिंगापूरला २१-१९ असे हरवले. पंधरा जणींच्या खेळातला तो भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय, आणि तो ओडिशाच्या सुमित्रा नायकच्या पेनल्टी किकवर हाती आला. मामाला हे ठाऊक नसते. आयपीएलच्या लिलावाचे आकडे मात्र रुपया-पैशासह ठाऊक असतात.

९. निवृत्ती. तिशी ओलांडली की खांदे आणि गुडघे आपले म्हणणे मांडू लागतात. तोपर्यंत प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फाइलीत जपलेले असावे. आरक्षणासाठी त्याची क्रीडा विभागाकडून पडताळणी लागते, आणि खेळ व स्पर्धा शासन निर्णयात बसतात का, हे अर्जाआधी पाहावे लागते. या एका बाबतीत मामाचा सल्ला बिनचूक असतो. फाइल त्याच्याकडेच द्यावी.