स्वयंपाकघरात गाणी कशी लावावीत : नवशिक्यांसाठी

साहित्य : एक रेडिओ, दोन सेल, प्लास्टिकची पिशवी, रबरबँड आणि पडतं घ्यायची तयारी.

१. जागा शोधा. ओट्यावर नको, फोडणी उडते. खिडकीत नको, रत्नागिरीचा पाऊस आडवा येतो. उरते मिसळणाच्या डब्यावरची फळी. तिथे आईने रेडिओ आधीच ठेवलेला असतो. तो हलवू नका.

२. पिशवी चढवा. खाऱ्या, दमट हवेने सेलच्या पट्ट्यांवर हिरवट पूड धरते. ती पॉलिश पेपरने खरवडा. तांब्याची भांडी आमसुलाने लखलखतात म्हणून इथेही आमसूल चोळू नका. मी चोळलं होतं. बटण पिशवीवरूनच फिरवायला शिका, म्हणजे कणकेचे हात धुवावे लागत नाहीत.

३. स्टेशन लावा. आकाशवाणी रत्नागिरी सुरू झाली १९७७ साली. मीडियम वेव्हवर तिची जागा ११४३ किलोहर्ट्झ. त्यासाठी एरियल ओढून उपयोग नाही, ती एफएमची. मीडियम वेव्ह पकडते आतली फेराइटची कांडी. म्हणून अख्खा रेडिओ जागच्या जागी हळूहळू फिरवायचा आणि आवाज स्वच्छ झाला की थांबायचं. एवढ्यात माजघरातून "रेडिओ कोणी हलवला रे?" असं आलं, तर पायरी १ पुन्हा वाचा.

४. खरखर ओळखा. मिक्सरच्या मोटारीत कार्बन ब्रशांपाशी बारीक ठिणग्या उडतात, त्या मीडियम वेव्हवर कडकडाट होऊन ऐकू येतात. स्वस्तातला एलईडी दिवाही तेच करतो. दिवा घालवता येतो. मिक्सरला उपाय एकच : वाटण पाट्यावर वाटणे. हा उपाय मोठ्याने सुचवू नका, वरवंटा सुचवणाऱ्याच्याच हातात येतो.

५. आधुनिक व्हा. फोन पडवीत, ब्लूटूथ स्पीकर आत आणि मध्ये जांभ्याची जाड भिंत असली की गाणं उचकी लागल्यासारखं येतं. फोन आत आणा. स्पीकरचं चार्जिंग संपलं तर फोन पातेल्यात उभा करा, आवाज चांगला घुमतो. पातेलं रिकामं आहे ना, तेवढं बघा. आकाशवाणी मोबाइलच्या अ‍ॅपवरही लागते, पण काही सेकंद मागून. शेजारच्या काकूंचा रेडिओ बातम्या संपवून मोकळा होतो, तुमचा निवेदक अजून शेवटच्या वाक्यावर असतो.

६. गाणं निवडा. ही पायरी नवशिक्यांसाठी नाही. ज्याच्या हातात पळी, त्याच्याच हातात बटण, हा या घरातला कायदा आहे आणि त्यावर अपील नाही. तुम्हाला तुमचंच गाणं ऐकायचं असेल, तर आधी नारळ खवा, भात टाका, आमटीला फोडणी द्या. मग खुशाल स्टेशन बदला. कोणी काही म्हणणार नाही.