त्याच्यापुरता बास आहे

३ फेब्रुवारी २००९. स्थळ तिरुपती. जिथे केस देऊन पुण्य घ्यायची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट, तिथे त्या दिवशी दहा डॉलरचा लॅपटॉप प्रकट होणार होता. दहा डॉलर म्हणजे तेव्हाचे जेमतेम ५०० रुपये. देशोदेशींच्या पत्रकारांचे कान टवकारलेले. तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री अर्जुन सिंह यांच्या हस्ते अनावरण झालं आणि मंडळी स्क्रीन शोधू लागली. स्क्रीन नव्हती. कीबोर्डही नव्हता. होती ती एक पेटी. तिच्यात अभ्यासाचं साहित्य साठवायचं आणि ते वाचायचं झालं तर पेटी संगणकाला जोडायची. थोडक्यात, हा ५०० रुपयांचा लॅपटॉप वापरण्यासाठी विद्यार्थ्याकडे फक्त एकच गोष्ट असायला हवी होती : लॅपटॉप.

या पेटीचं नाव ‘साक्षात’ होतं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

लहान, स्वस्त आणि बगलेत मारून नेता येणारा संगणक दोन भावांवर जगत आलेला आहे. एक भाव माइकवरचा, दुसरा बिलावरचा. एमआयटीचे निकोलस नेग्रोपाँटे यांनी २००५च्या जानेवारीत दावोसला गरीब मुलांसाठी १०० डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. २००७च्या अखेरीस कारखान्यातून बाहेर पडेपर्यंत तो १८८ डॉलरवर गेला होता. त्याच वर्षी जूनमध्ये आसूस कंपनीने तैपेईच्या प्रदर्शनात ‘ई-पीसी’ १९९ डॉलरपासून मिळेल असं सांगितलं, आणि अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाच्या हाती तो आला ३९९ला. आपले तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी जुलै २०१०मध्ये ३५ डॉलरचा टॅब्लेट दाखवला. ५ ऑक्टोबर २०११ला तो ‘आकाश’ या नावाने अवतरला तेव्हा सरकारला एक नग २,२७६ रुपयांना, म्हणजे ५० डॉलरच्या घरात पडत होता. स्थळ सुचवणाऱ्याने सांगितलेलं वय आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं वय यांत जेवढं अंतर असतं, तेवढं इथेही धरून चालावं.

किमतीचं एक वेळ सोडून देऊ. या यंत्राची खरी खोड अशी, की ते बनवणारा, घोषणा करणारा आणि मंजुरी देणारा यांपैकी कुणीच ते स्वतः वापरणार नसतो. ते नेहमी ‘त्याच्या’साठी असतं. आणि ‘त्याच्या’साठी वस्तू निवडताना आपल्याकडे एकच मोजपट्टी लावतात : त्याच्यापुरता बास आहे.

नेग्रोपाँटे यांच्या लॅपटॉपला सुरुवातीला हँडल होतं. वीज नसलेल्या गावात मुलाने ते गरगर फिरवायचं आणि आपला अभ्यास आपणच पेटवायचा, अशी कल्पना. नोव्हेंबर २००५मध्ये ट्युनिसच्या जागतिक परिषदेत संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी कॅमेऱ्यांसमोर ते फिरवायला घेतलं आणि हँडल त्यांच्या हातातच आलं. विक्रीला आलेल्या यंत्रावर हँडल नव्हतं. एरवी हे यंत्र अस्सल होतं, हे कबूल केलं पाहिजे. हिरवं-पांढरं, सशासारखे दोन कान असलेलं. ते कान म्हणजे अँटेना. रबरी कीबोर्डमध्ये धूळ-पाणी शिरत नसे. स्क्रीन भर उन्हात वाचता येई, जे आजही महागड्या लॅपटॉपला धड जमत नाही. हे यंत्र येण्याच्याही आधी कंबोडियाच्या एका बिनविजेच्या खेड्यात तर मुलाने घरी आणलेला दुसरा एक लॅपटॉप हाच घरातला सगळ्यांत लख्ख दिवा ठरला होता. म्हणजे संगणकाने ज्ञानाचा उजेड पाडायच्या आधी कंदिलाचं काम केलं, आणि ते चोख केलं.

भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास खात्याने मात्र २००६मध्ये नेग्रोपाँटे यांची योजना शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने संशयास्पद ठरवून परत पाठवली. दहा लाख लॅपटॉपच्या घाऊक खरेदीला नकार देण्यामागे शहाणपण होतंच. अडचण एवढीच, की तीन वर्षांनी याच खात्याला तिरुपतीच्या पेटीबद्दल कसलाही संशय आला नाही.

तरीही हे ससे महाराष्ट्रात येऊन गेले. २००७च्या पावसाळ्याच्या शेवटी रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट गावच्या शाळेत ते पोचले. शाळा कसली, एक खोली. पहिली ते चौथी एकत्र, वीस-बावीस पोरं आणि मास्तर एकच. मुलांनी दप्तराबरोबर लॅपटॉप घरी न्यायचा, असा नियम. मुलं संगणकाचं करतील काय, हा जो प्रश्न जगभरच्या तज्ज्ञांनी परिषदांमध्ये चघळला, तो मुलांनी विचारलाच नाही. त्यांनी झाकण उघडलं, कॅमेरा शोधला आणि एकमेकांचे फोटो काढायला लागली. पण एका खोलीतल्या शाळेत एक यंत्र बिघडलं तर ते दुरुस्त कोण करणार, भाग कुठून आणणार आणि तोवर एकटे मास्तर चार इयत्ता सांभाळतील की यंत्रं, याची उत्तरं झाकणाखाली नव्हती.

पेरू देशाने हे लॅपटॉप लाखांच्या हिशेबाने घेतले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२मध्ये आंतर-अमेरिकी विकास बँकेने प्रसिद्ध केला. दर मुलामागे एकाहून जास्त संगणक झाले होते. गणित आणि भाषा मात्र होत्या तिथेच होत्या. पेरूच्या खंडभावाने, उरुग्वेने, हीच यंत्रं घेतली, पण सोबत शाळांना इंटरनेट दिलं, शिक्षकांना प्रशिक्षण आणि यंत्रांना दुरुस्तीची सोयही दिली. २००९पर्यंत तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हाती लॅपटॉप होता. हा सगळा बारदाना कुठल्याच घोषणेच्या ३५ किंवा १०० डॉलरमध्ये धरलेला नसतो, कारण दुरुस्तीच्या दुकानाचं अनावरण करायला कुणी मंत्री येत नाही.

इकडे शहरात वेगळीच गंमत चालली होती. मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी काढलेला ई-पीसी विकत घेत होते ते आधीच दोन संगणक बाळगणारे. त्याचे गुण खरोखरच मोहक होते. वजन ९२० ग्रॅम. फिरती हार्डडिस्क नाही, त्यामुळे एसटीच्या मागच्या सीटवरही दगावण्याची भीती नाही. चालू व्हायला अर्धा मिनिटही लागत नसे. हरवला तर हळहळ वाटेल, पण हप्ते फेडत बसावे लागणार नाहीत. मुख्य म्हणजे, एवढ्या पैशांत लॅपटॉप बनू शकतो हे एकदा जगाला दिसल्यावर मोठ्या लॅपटॉपवाल्यांनाही आपले भाव खाली आणावे लागले. ज्याने आयुष्यात नेटबुक, म्हणजे असला चिमुकला लॅपटॉप, पाहिलं नाही, त्याचाही त्यात फायदा झाला.

आता दोष. सात इंची स्क्रीनवर ८०० बाय ४८० ठिपके. तेव्हाच्या कित्येक खिडक्या त्याहून उंच असत, त्यामुळे संगणक प्रश्न विचारी आणि ‘ओके’चं बटण स्क्रीनच्या खाली तळघरात राही. संमती द्यायची तयारी आहे, पण द्यायची कुठे ते सापडत नाही, अशी सरकारी कचेरीत भेटणारी अवस्था घरबसल्या मिळे. जागा चार जीबी. त्यातली बरीचशी यंत्र स्वतःच्या राहण्यासाठीच वापरी.

आणि कीबोर्ड. ई-पीसीच्या बऱ्याच नमुन्यांवर उजवीकडची शिफ्ट अंग चोरून, वर जाणाऱ्या बाणाच्याही पलीकडे बसवलेली होती. इंग्रजीवाल्याचं फारसं बिघडत नसेल. पण इनस्क्रिप्ट या कळमांडणीवर मराठी टाइप करणाऱ्याचं बघा. त्याला ‘आई’ लिहायचंय. दोन्ही अक्षरं डाव्या हाताच्या कळांवर, आणि दोन्हींना शिफ्ट लागते, म्हणून सवयीने उजवी करंगळी जाते. करंगळी पडते बाणावर. कर्सर एक ओळ वर उडी मारतो आणि ‘आ’ऐवजी नुसता काना वरच्या ओळीतल्या कुठल्या तरी निरपराध शब्दात जाऊन रुततो. पाठोपाठ वेलांटी त्याच्याही वरच्या ओळीत. पत्र आईला, काना मामाला, वेलांटी तारखेला.

सॉफ्टवेअरवाल्यांनी त्यात आपली भर घातली. नेटबुकसाठी काढलेल्या विंडोज ७ स्टार्टरमध्ये एका वेळी तीनच प्रोग्रॅम उघडता येतील, अशी आधी अट होती. बोंब झाल्यावर २००९च्या मेमध्ये ती मागे घेतली. दुसरी मर्यादा तशीच राहिली : डेस्कटॉपचं चित्र बदलता येणार नाही. वॉलपेपर बदलायला प्रोसेसरवर कसला ताण येतो, हे कोडंच आहे. पण स्वस्तातलं घेतलं आहेस हे गिऱ्हाइकाला रोज सकाळी आठवावं, एवढं त्याने नक्की साधलं. उत्तर प्रदेशात २०१३मध्ये फुकट वाटलेल्या लॅपटॉपवर तर मुलायमसिंह आणि अखिलेश ही पिता-पुत्रांची जोडीच झळकत होती. तमिळनाडूत जयललिता. ज्याने पैसे मोजले नाहीत, त्याने भिंतीवर कुणाची तसबीर लावायची हे तरी त्याने का ठरवावं?

२७ जानेवारी २०१०ला स्टीव्ह जॉब्स यांनी आयपॅड दाखवताना नेटबुक कशातच सरस नाही, असा निकाल दिला. तीनशे डॉलरच्या यंत्राला कीबोर्ड लहान आहे म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी मग पाचशे डॉलर देऊन कीबोर्डच नसलेलं यंत्र घेतलं. तीन वर्षांत ई-पीसी बाजारातून गेला. ‘आकाश’ तोवर जमिनीवरच होता. पहिल्या आवृत्तीत ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी, आणि स्क्रीनला बोट लावून भागत नसे, ती दाबावी लागे. दाराची बेल वाजवावी, आतून कुणी येत नाही म्हणून पुन्हा वाजवावी, तसा तो प्रकार. नोव्हेंबर २०१२मध्ये सुधारून आलेल्या ‘आकाश २’कडे बघण्याची जबाबदारी आयआयटी मुंबईवर आली. तो खरोखरच बरा होता. पण तोवर लोकांच्या खिशातले फोन त्याच्या पुढे निघाले होते.

हा प्राणी मेला म्हणावं तर तसंही नाही. ३१ जुलै २०२३ला ‘जिओबुक’ या छोट्या लॅपटॉपची नवी आवृत्ती आली : साडेअकरा इंची स्क्रीन, ९९० ग्रॅम, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, १६,४९९ रुपये. त्यानंतर तीनच दिवसांनी केंद्राने लॅपटॉपच्या आयातीला परवाना लागेल असा हुकूम काढला आणि दुसऱ्या दिवशी तोच तीन महिने पुढे ढकलला. ई-पीसीपासून जिओबुकपर्यंत, सोळा वर्षांत यंत्राचं वजन सत्तर ग्रॅमने वाढलं.

अशाच एका अकरा इंचीसमोर, तालुक्याच्या गावातल्या दुकानात, बारावी झालेली मुलगी आणि तिचे किराणा दुकानदार वडील उभे असतात. वडिलांनी पाटी वाचून मनाशी ठरवलेलं असतं.

“हाच दे. कॉलेजला तुला अजून काय लागतं? तुझ्यापुरता बास आहे.”

“यात टॅली चालतं का हो?” मुलगी दुकानदाराला विचारते.

“ताई, यात सगळं चालतं,” दुकानदार म्हणतो. “फक्त विंडोजचं काही चालत नाही.”

मुलगी क्षणभर विचार करते. “मग बाबा, हा तुम्हीच घ्या. दुकानाच्या उधाऱ्या तर लिहायच्या. तुमच्यापुरता बास आहे.”

वडील यंत्र हातात घेतात, स्क्रीनवरचं बारीक अक्षर वाचायला डोळे बारीक करतात, ते परत काउंटरवर ठेवतात आणि विचारतात, “याच्या वरचा कितीला?”