परीक्षणातील अनुवादक-वाक्य : एक स्थाननिर्णय

मराठी ग्रंथपरीक्षणाच्या शरीररचनेकडे विद्वानांचे अक्षम्य दुर्लक्ष झाले आहे. असे म्हटल्याखेरीज आपल्याकडे प्रबंध सुरू करता येत नाही. प्रस्तुत लेखात आपण या देहाचा एकच अवयव तपासू : अनुवादित कादंबरीच्या परीक्षणात अनुवादकासाठी राखून ठेवलेले वाक्य.

हे वाक्य शेवटच्या परिच्छेदात आढळते. वर कथानकाचा सारांश, खाली मुखपृष्ठ आणि किंमत. ‘अनुवाद ओघवता असून मूळ कलाकृतीचाच आनंद देतो’ हा त्याचा प्रमाणित घाट. मूळ कलाकृती तुर्की असो, जपानी असो वा हंगेरियन. परीक्षकांनी ती डोळ्यांनी पाहिलेली नसते, पण आनंद मात्र तोच असल्याची हमी ते देतात. अनुवादात चूक सापडली, तर हेच वाक्य लगबगीने दुसऱ्या परिच्छेदात चढून बसते. हा नियम अद्याप कुणी मांडलेला नाही.

मूळ न वाचता ज्ञान कसे होते? न्यायशास्त्राने चार प्रमाणे सांगितली आहेत. पैकी प्रत्यक्ष परीक्षक सोडून देतात. पुस्तकाच्या जाडीवरून ‘विस्तृत पट’ हे अनुमान, ‘हे त्या भाषेतले नेमाडेच’ हे उपमान, आणि ब्लर्ब हे शब्दप्रमाण. फूटपाथवर मिळालेली एक प्रत याला पुरावा म्हणून पुरेशी आहे. पहिल्या पानावर ‘अभिप्रायार्थ’ असा जांभळा शिक्का, ब्लर्बमधल्या विशेषणांखाली पेन्सिलीच्या रेघा, दुसऱ्या प्रकरणातल्या एका लांबलचक आडनावाभोवती गोल आणि शेजारी प्रश्नचिन्ह. पुढची पाने इतकी कोरी करकरीत, की पुस्तक नवे म्हणून खपले असते. विक्रेता तेच करत होता.

आता मोबदल्याचा प्रश्न. इंटरनॅशनल बुकरचे ५०,००० पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मे निम्मे वाटले जातात. २०२२ साली गीतांजली श्री आणि डेझी रॉकवेल, २०२५ साली बानू मुश्ताक आणि दीपा भास्ती यांनी ते असेच वाटून घेतले. आपले प्रमाणित वाक्य सात शब्दांचे. सातशे शब्दांच्या परीक्षणात ते एक टक्का भरते. या दराने अनुवादकाच्या वाट्याला ५०० पौंड येतील. मराठी अनुवादक ते आनंदाने घेतील, म्हणून हा मुद्दा ताणत नाही.

खरी शास्त्रीय अडचण उमा कुलकर्णींनी करून ठेवली आहे. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तक वाचून दाखवायचे, त्या ऐकायच्या आणि मराठीत उतरवायच्या. कन्नड कादंबरीकार भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’च्या त्यांनी केलेल्या अनुवादाला १९८९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अशा पुस्तकात वाचून दाखवणाऱ्याचे श्रेय परीक्षणात कुठे ठेवायचे? स्वतंत्र वाक्य देण्याची प्रथा नाही. अर्धे वाक्य देता येईल. पण त्यासाठी मुखपृष्ठकाराला जरा सरकून बसायला सांगावे लागेल.