चतुःसीमा आणि स्वगत

‘नटसम्राट’मधील स्वगतांच्या शुद्धपाठाची जहागिरी, निदान धाराशिव जिल्ह्यापुरती, माझ्याकडे आहे अशी माझी फार दिवसांची समजूत असून, तिची सनद आजतागायत कोणी मागितलेली नाही. परंड्यापासून उमरग्यापर्यंत कोठेही सेवानिवृत्तीचा निरोपसमारंभ असो, सत्कारमूर्तींच्या गळ्यात हार पडतो न पडतो तोच कोणी हौशी अव्वल कारकून उठून गणपतराव बेलवलकरांचे छप्पर मागणारे स्वगत सुरू करतो, दुसऱ्याच वाक्याला अडखळतो आणि पहिलेच वाक्य अधिक मोठ्याने म्हणतो. अशा वेळी मी पहिल्या रांगेतून, त्याला ऐकू जाईल व अध्यक्षांनाही ऐकू जाईल अशा बेताने, पुढचा शब्द पुरवतो. टाळ्या त्याला पडतात. परंतु पाठ माझा होता हे जाणणारा निदान एक इसम सभागृहात असतोच.

शिरवाडकरांनी कथेचा सांगाडा लिअर राजाचा घेतला, पण जगण्यामरण्याचा पेच हॅम्लेटचा आणून त्याच म्हाताऱ्याच्या तोंडी घातला. १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी तो रंगभूमीवर उभा केला आणि २०१६च्या चित्रपटानंतर आमची तरुण मंडळी तो नाना पाटेकरांच्या श्वासोच्छ्वासासह म्हणू लागली, ही हकीकत मी न विचारताही सांगतो. २०१७ साली नाट्यसंमेलन आमच्या गावी भरले, तेव्हा कोणी तरी चुकावे म्हणून मी मंडपभर कान टवकारून हिंडत होतो.

मात्र अचूक पाठांतराचे खरे पीठ पाहावयाचे, तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जावे. गट नंबर, क्षेत्र, आकार, पूर्वेस भावकीची जमीन, पश्चिमेस ओढा, उत्तरेस पांदण, विहिरीतला चार आणे हिस्सा, बांधावरचा आंबा: अंगठा उठवणारा म्हातारादेखील चतुःसीमा स्वल्पविरामांसह म्हणतो, दस्तलेखक त्या वाचून दाखवतो आणि मुलगा पुन्हा तपासतो, कारण एक शब्द चुकला तर फेरफार अडतो. मग बक्षीसपत्र नोंदले जाते, पेढे वाटले जातात आणि यथावकाश सातबाऱ्यावरचे म्हाताऱ्याचे नाव जाते. बेलवलकरांच्या शोकांतिकेचा आरंभ नेमका येथेच होतो. पण येथे कोणालाही स्वगत आठवत नाही.

लिअरला भर वादळात आक्रोश करूनही जे मिळाले नाही, ते २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ अन्वये प्रांतसाहेबांपुढे अर्ज केल्याने मिळू शकते: सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास, परत घेता येते. अट तेवढी दस्तात लिहिलेली असावी. “आबा, सांभाळाची अट घालू का?” असे दस्तलेखकाने विचारताच एक म्हातारा माझ्यासमोर खळखळून हसला. “पोटच्या लेकराला कशाची अट घालायलाव?” म्हणाला. चार सीमा तोंडपाठ असलेल्या त्या माणसाला पाचवी सीमा आखण्याची लाज वाटत होती. आणि त्या लाजेवरच पुष्कळांची म्हातारपणे उघड्यावर पडतात, याचा मला मनस्वी संताप येतो.

तेव्हापासून त्या कचेरीच्या बाकावर बसून मी बेलवलकरांऐवजी कलम २३ म्हणून दाखवतो, तेही स्वल्पविरामांसह. म्हातारे हसतात, चिरंजीव मात्र माझे पूर्ण नाव व गाव विचारून घेतात.